राष्ट्राध्यक्षाचं 'खासगी' पत्र, संपादकाच्या नावे: रूझवेल्टची निवडणूक-पत्रं वाचायची कशी?

पत्रावळ

थिओडोर रूझवेल्टची (राष्ट्राध्यक्ष, १९०१ ते १९०९) पत्रं हल्ली घरबसल्या वाचता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे त्याचे सुमारे पावणेतीन लाख कागद आहेत. पूर्वी मायक्रोफिल्मची ४८५ रिळं चाळावी लागत, आता तीच पानं पडद्यावर दिसतात. नॉर्थ डकोटातल्या डिकिन्सन विद्यापीठाचं रूझवेल्ट केंद्रही एकेक पत्र नोंदवून चढवतं आहे. त्यामुळे 'अमक्या संपादकाला रूझवेल्टनं निवडणुकीबद्दल खासगीत काय लिहिलं' असे तुकडे फिरत असतात. वाचणारा धरून चालतो की खासगी आहे म्हणजे मनातलं आहे. घसरायला होतं ते इथेच.

आधी मासिकांचं महत्त्व. त्या काळची दैनिकं एकेका शहराची, आणि बरीचशी उघडपणे एकेका पक्षाची. देशभर जायची ती मासिकं आणि साप्ताहिकं. १८८५ पासून नियतकालिकांचा टपालदर पौंडाला एक सेंट होता आणि १९०२ पर्यंत खेड्यापाड्यांत घरपोच टपाल कायमचं सुरू झालं होतं. मॅक्ल्युअर्ससारखं मासिक दहा सेंटांत मिळे. कॅन्ससमधला शेतकरी आणि बॉस्टनमधला वकील एकच लेख वाचतोय, हे प्रथमच घडत होतं. निवडणूक लढवणाऱ्याला याची किंमत कळणारच.

रूझवेल्टच्या पत्रांत सारखे भेटणारे संपादक: 'आउटलुक' साप्ताहिकाचा लायमन अ‍ॅबट (मूळचा धर्मोपदेशक), 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज'चा अल्बर्ट शॉ, 'सेंच्युरी'चा रिचर्ड वॉटसन गिल्डर आणि एस. एस. मॅक्ल्युअर. अ‍ॅबटची पत्रं वाचताना एक गोष्ट उशाशी ठेवा. अध्यक्षपद सोडल्यावर, १९०९ मध्ये, रूझवेल्ट त्याच 'आउटलुक'मध्ये वर्षाला १२,००० डॉलरवर लेखक-संपादक म्हणून बसला. आधीची सगळी पत्रं त्या नोकरीसाठी होती असं मी म्हणत नाही, पण ही दोन परक्या माणसांची पत्रं नव्हेत.

आता पत्र उघडल्यावर कुठे बघायचं ते.

शीर्षक. 'एक्झिक्युटिव्ह मॅन्शन' छापलेलं असेल तर कागद जुना. 'व्हाइट हाउस' हे नाव रूझवेल्टनं ऑक्टोबर १९०१ मध्ये अधिकृत केलं. तारीख फाटलेली असली की हे कामाला येतं, फक्त बदलाच्या आसपास जुना साठाही वापरात असू शकतो एवढं धरून चालायचं.

डावीकडे वर 'पर्सनल' किंवा 'प्रायव्हेट'. माझ्या मते संपादकाला लिहिलेल्या पत्रावर याचा अर्थ 'मजकूर वापर, नाव छापू नकोस' इतकाच घ्यावा. गुपित असतं तर ते लघुलेखकाला तोंडी सांगून, टंकून, वहीत नक्कल उतरवून पाठवलं नसतं.

संबोधन. इथे मराठी वाचक हमखास चुकतो. 'माय डिअर मिस्टर हॅरिमन' हे आपल्याला लाडिक वाटतं. त्या काळच्या अमेरिकी रिवाजात 'माय डिअर मिस्टर' हे नुसत्या 'डिअर'पेक्षा जास्त औपचारिक. जवळच्या माणसाला, म्हणजे मित्र सिनेटर हेन्री कॅबट लॉजला, नुसतं 'डिअर कॅबट'. आपल्याकडे 'रा. रा.' आणि 'चि.' यांत जितकं अंतर, साधारण तितकं.

सही कुणाची? विल्यम लोब या सचिवाच्या सहीनं गेलेलं पत्र म्हणजे अध्यक्षाला हात वर करायची सोय ठेवलेली.

बाकीचं जाणकारांनी भर घालावी.

---

टीपकागद

चांगला धागा. एक मोठी गोष्ट राहिली: पडद्यावर दिसतं ते बहुतेक वेळा पत्र नसतंच, पत्राची दाबून काढलेली नक्कल असते. मूळ पत्र टपालानं गेलं. व्हाइट हाउसमध्ये राहिली ती टिश्यूची वही. ही नक्कल कशी निघायची हे कळलं की निम्मे घोटाळे सुटतात.

वही पाचशे किंवा हजार पानांची, कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ, पानांवर छापील आकडे, पुढे नावांची सूची. पत्र कॉपी शाईनं लिहिलेलं किंवा कॉपी रिबननं टंकलेलं हवं, म्हणजे पाण्यात सुटणाऱ्या अ‍ॅनिलीन रंगाचं. मग:

पुढचं कोरं पान काढायचं. आधीच्या नकलांना ओल लागू नये म्हणून मध्ये तेलकागद सरकवायचा. कोऱ्या पानावर ब्रशनं किंवा ओल्या फडक्यानं पाणी फिरवायचं आणि जादा पाणी टीपकागदानं उचलायचं. पत्राची लिहिलेली बाजू त्या ओल्या पानाच्या पाठीला लावायची, पत्रामागे दुसरा तेलकागद. वही मिटायची, लोखंडी स्क्रूच्या प्रेसमध्ये ठेवून दांडा आवळायचा. मिनिट-दोन मिनिटांत शाईचा थोडा अंश टिश्यूत उतरतो. छाप उलटी पडते, पण कागद इतका पातळ की समोरून सुलट वाचता येते. ही युक्ती जेम्स वॅटची, पेटंट १७८० चं.

बिघडतं कुठे:

पाणी जास्त झालं की अक्षर फुटतं. 'ए', 'ओ', 'ई' सगळे सारखेच गोळे दिसतात. आकडे तर विचारूच नका, ३ आणि ८ मध्ये फरक राहत नाही. देणगीची रक्कम दाबप्रतीवरून वाचत असाल तर दुसरीकडे ताडून घेतल्याशिवाय लिहू नका.

पाणी कमी पडलं की नक्कल फिकी. पत्र टंकून बराच वेळ झाला असेल तरी फिकीच, कारण शाई वाळून बसलेली असते.

फिल्म घेताना पानामागे पांढरा कागद सरकवला नसेल तर पुढच्या पानाच्या ओळी या पानावर उमटलेल्या दिसतात. वाक्य अचानक भलतीकडे गेलं तर आधी ही शंका घ्या. जाळ्यावरची चित्रं मायक्रोफिल्मवरून घेतलेली, काळी-पांढरी आहेत. शाईचा जांभळा रंग वेगळा काढून पाहायची युक्ती तिथे चालत नाही, फक्त काँट्रास्ट वाढवता येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रूझवेल्टला टंकलेल्या पत्रात ओळींच्या मध्ये पेनानं भर घालायची सवय होती. ती भर नक्कल दाबल्यानंतर घातली, किंवा साध्या शाईनं घातली, तर ती दाबप्रतीत येतच नाही. म्हणजे वहीत वाक्य नाही म्हणून ते पत्रातही नव्हतं, असं म्हणता येत नाही.

---

गोदातीर

@टीपकागद, मग मूळ पत्र बघायचं कुठे?

---

टीपकागद

ज्याला पाठवलं त्याच्या कागदांत. शॉ आणि गिल्डर यांचे कागद न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत, मॅक्ल्युअरचे इंडियाना विद्यापीठाच्या लिली लायब्ररीत, अ‍ॅबट घराण्याचा संग्रह मेनमधल्या बोडन कॉलेजात. वॉशिंग्टनमध्ये सापडतात ते संपादकाकडून आलेले कागद आणि गेलेल्याच्या नकला. संवादाची एक बाजू मूळ आणि दुसरी नक्कल अशीच जोडी तिथे मिळणार.

जुळणी करताना चार रकाने आखावेत: संपादकाचं आलेलं पत्र, वहीतली दाबप्रत, मूळ पत्र, आणि त्यानंतरचा छापील अंक. चौथा रकाना बहुतेक जण सोडून देतात. वास्तविक पत्राचा परिणाम तिथेच दिसतो. साप्ताहिकात तो आठ-पंधरा दिवसांत शोधा. मासिकाचा अंक बाजारात येण्याच्या कितीतरी आधी बंद झालेला असे, त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी लिहिलेलं पत्र नोव्हेंबरच्या मतदानाआधी मासिकात उतरणं अवघड. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात मासिकाच्या संपादकाला लिहिलेलं पत्र बहुधा निकालानंतरच्या अंकासाठी असतं, किंवा फाइलसाठी.

---

हिशेबनीस

'फाइलसाठी' हा शब्द बरोबर पकडलात. १९०४ चं उदाहरण याहून चांगलं नाही.

रूझवेल्टसमोर डेमोक्रॅटिक पक्षाचा अ‍ॅल्टन पार्कर. रिपब्लिकन प्रचाराचा प्रमुख जॉर्ज कॉर्टेल्यू. हा गृहस्थ मुळात लघुलेखक म्हणून व्हाइट हाउसमध्ये आला, पुढे अध्यक्षांचा सचिव झाला, मग वाणिज्य आणि कामगार खात्याचा मंत्री. कंपन्यांची माहिती गोळा करणारा विभाग त्याच खात्यात. पार्करचा आरोप असा की कंपन्यांच्या नाड्या हातात असलेला मंत्रीच आता त्यांच्याकडून निधी गोळा करतोय. रूझवेल्टनं ४ नोव्हेंबरला, मतदानाच्या चार दिवस आधी, जाहीर निवेदन काढून आरोप साफ खोटा ठरवला. ८ तारखेला तो ३३६ विरुद्ध १४० मतांनी जिंकला (निर्वाचक मंडळाची मतं), आणि त्याच रात्री पुन्हा उभा राहणार नाही असं जाहीर करून बसला.

आता पत्र. २६ ऑक्टोबर १९०४ ला त्यानं कॉर्टेल्यूला लिहिलं की स्टँडर्ड ऑइलच्या लोकांनी एक लाख डॉलर दिल्याचं कानावर आलंय, घेतले असतील तर परत करा. १९१२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे देणग्यांची चौकशी निघाली, तेव्हा रूझवेल्टनं या पत्राची नक्कल पुढे केली. आठ वर्षांपूर्वीचं टिश्यूचं पान बचावाला उभं राहिलं! पैसे मात्र परत गेले नव्हते.

एक किस्सा नेहमी सांगतात. रूझवेल्ट हे पत्र तोंडी सांगत असताना त्याचा माजी अ‍ॅटर्नी जनरल फिलँडर नॉक्स खोलीत आला आणि म्हणाला, पैसे तर खर्च झाले, परत कसले करताय? त्यावर रूझवेल्ट म्हणे बोलला की असो, दफ्तरी पत्र बरं दिसेल. किस्सा झकास आहे, पण आलाय कसा ते बघा: नॉक्सनं टाफ्टला (रूझवेल्टनंतरचा अध्यक्ष) सांगितला, टाफ्टनं त्याचा लष्करी सहायक आर्ची बटला, आणि बटनं आपल्या घरच्या पत्रात लिहिला. तोवर टाफ्ट आणि रूझवेल्ट यांचं फाटत आलं होतं. तिसऱ्या कानाची गोष्ट, तीही रुसलेल्या माणसाच्या तोंडून. वापरायची तर ही साखळी लिहून वापरा.

---

खोडरबर

@हिशेबनीस, हॅरिमनबद्दलही लिहा ना. 'आपण व्यवहारी माणसं' हे वाक्य कुणीही कुठेही चिकटवतं.

---

हिशेबनीस

ते प्रकरण तारखांशिवाय वाचूच नये.

एडवर्ड हॅरिमन हा रेल्वेसम्राट. ऑक्टोबर १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नरपदाचा रिपब्लिकन उमेदवार फ्रँक हिगिन्स अडचणीत होता. १० ऑक्टोबरला रूझवेल्ट हॅरिमनला लिहितो की राज्यातल्या उमेदवारांच्या भानगडीबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, दोन-चार दिवसांत जेवायला या. १४ तारखेच्या पत्रात तो म्हणतो की प्रचाराच्या या शेवटच्या आठवड्यांत मला भेटायला येणं तुम्हाला बरं वाटत नाही असं आडून कळलं, आणि मग ते प्रसिद्ध वाक्य येतं: तुम्ही-आम्ही व्यवहारी माणसं आहोत, तुम्ही तिथे आहात, परिस्थिती तुम्हाला जास्त कळते. भेटीनं आपल्यालाच नुकसान होणार असं वाटत असेल तर सध्या येऊ नका, असा पुढचा रोख आहे. म्हणजे वाक्य भेटीबद्दल आहे. पैशाचा आकडा त्यात नाही.

भेट मात्र झाली. हॅरिमननं अडीच लाख डॉलर उभे केले, त्यातले पन्नास हजार स्वतःचे. हे कळलं हॅरिमनच्याच एका पत्रावरून. त्यानं सिडनी वेब्स्टर या वकिलाला लिहिलं होतं की अध्यक्षांच्या सांगण्यावरून पैसे उभे केले आणि त्यामुळे एकट्या न्यूयॉर्क शहरात किमान पन्नास हजार मतं फिरली, म्हणजे निकालात एक लाखाचा फरक. बदल्यात न्यूयॉर्कचा सिनेटर चॉन्सी डेप्यू याला पॅरिसला राजदूत करायचं ठरलं होतं, ते झालं नाही ही त्याची तक्रार.

हे पत्र २ एप्रिल १९०७ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'नं छापलं. पत्र फुटलं कसं? मूळ प्रत चोरीला गेली नव्हती, वहीतली नक्कलही नाही. कामावरून काढलेल्या लघुलेखकाकडे शॉर्टहँडची टिपणवही राहिली होती, तिच्यावरून मजकूर पुन्हा उभा करून विकला. तेव्हा पत्राच्या प्रती मोजताना लघुलेखकाची वही ही एक धरायचीच.

रूझवेल्टचं उत्तर त्याच दिवसात बाहेर पडलं, कारण ते तयारच होतं. ८ ऑक्टोबर १९०६ ला जेम्स शर्मन या खासदाराला लिहिलेलं लांबलचक पत्र. हॅरिमन काय म्हणतो हे शर्मनकडून कळताच त्यानं आपली बाजू सहा महिने आधीच कागदावर उतरवून ठेवली होती. या तऱ्हेच्या पत्राची खूण अशी: ज्याला लिहिलंय त्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टी पत्रात तारीखवार सांगितलेल्या असतात. असं पत्र दिसलं की समजावं, वाचक दुसराच कुणी आहे.

---

पत्रावळ

ही खूण संपादकांच्या पत्रांना जशीच्या तशी लागू पडते. अ‍ॅबटला किंवा शॉला तीन-चार पानी पत्र, त्यात स्वतःच्या कारकिर्दीची कलमवार कैफियत. संपादकाला ती माहीत असतेच. त्याला अग्रलेखासाठी कच्चा माल पोचवायचा असतो. छापील अंकात तीच कलमं त्याच क्रमानं, संपादकाच्या शब्दांत आली का हे ताडून बघा. क्रम जुळला तर परिणाम दाखवता येतो. नुसता विषय जुळला तर काहीच सिद्ध होत नाही, तो विषय तेव्हा सगळेच लिहीत होते.

---

प्रुफवाचक

उलट दिशेची वाहतूक कुणी बोललं नाही. संपादक आणि लेखक व्हाइट हाउसला प्रुफं पाठवत. रे स्टॅनर्ड बेकरनं मॅक्ल्युअर्ससाठी रेल्वेवर लेखमाला केली (नोव्हेंबर १९०५ पासून), तिची प्रुफं रूझवेल्टनं छपाईआधी पाहिली. रेल्वेचे दर ठरवण्याचं विधेयक तेव्हा पुढे रेटायचं होतं. ते २९ जून १९०६ ला सहीनिशी कायदा झालं. लेखमाला आणि विधेयक हातात हात घालून चालले होते.

मॅक्ल्युअरलाही एक पत्र आहे, ऑक्टोबर १९०५ चं. मासिकानं भ्रष्टाचार उघडा पाडावाच, पण चित्रात थोडं आकाशही दाखवावं, आणि लोभाच्या गुन्ह्यांइतकेच हिंसेच्या गुन्ह्यांविरुद्धही आपण आहोत हे मुद्दाम सांगावं, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी काय झालं ते या पत्रावर आधीच लिहिलेलं आहे. वृत्तपत्रांचा मालक हर्स्ट याच्या 'कॉस्मोपॉलिटन' मासिकानं सिनेटच्या गद्दारीवर मालिका सुरू केली. मार्च १९०६ च्या पहिल्या लेखात सोललेला सिनेटर कोण, तर वर आलेला तोच चॉन्सी डेप्यू. १७ मार्चला ग्रिडायरन क्लबच्या बंद मेजवानीत आणि १४ एप्रिलला जाहीर सभेत रूझवेल्टनं असल्या लेखकांना, वर न बघता खाली शेणकेर उपसत बसणाऱ्या माणसाची उपमा दिली आणि भ्रष्टाचार उघडा पाडणाऱ्या पत्रकारांना 'मकरेकर' हा शब्द कायमचा चिकटला. बेकरनं आधी पत्र लिहून हे भाषण करू नका म्हणून विनवलं होतं. ऐकलं नाही.

म्हणून १९०५ चं पत्र वाचताना 'मैत्रीचा सल्ला' एवढंच लिहू नका. त्यात पुढच्या तुटण्याची सूचना आहे.

---

खोडरबर

अवांतर: फुटलेल्या पत्रांत स्टँडर्ड ऑइलचा उपाध्यक्ष आर्चबोल्ड याची पत्रं विसरू नका. स्टँडर्ड ऑइलच्या कचेरीतल्या माणसांनी ती बाहेर काढली, हर्स्टनं विकत घेतली आणि सप्टेंबर १९०८ मध्ये भर प्रचारात ओहायोतल्या सभेत वाचून दाखवली. ओहायोचा सिनेटर फोरेकर याची कारकीर्द त्यात संपली. १९१२ मध्ये उरलेली स्वतःच्या मासिकात छापली. संपादकच पत्रांचा व्यापारी झाला की काय होतं याचा नमुना.

---

निळी शाई

रूझवेल्टवरच सगळे अडकलेत. संपादक आणि भावी अध्यक्ष यांच्यातलं सगळ्यात महागडं पत्र विल्सनचं आहे.

कर्नल जॉर्ज हार्वी, 'हार्पर्स वीकली' आणि 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'चा संपादक. विल्सन प्रिन्स्टन विद्यापीठाचा प्रमुख असताना, फेब्रुवारी १९०६ मध्ये, लोटोस क्लबच्या जेवणात त्याचं नाव अध्यक्षपदासाठी पहिल्यांदा हार्वीनं घेतलं. १९११ च्या शेवटी तर साप्ताहिकाच्या अग्रलेखाच्या पानावर दर अंकात विल्सनच्या उमेदवारीची ओळ छापून येत होती.

अडचण अशी की हार्पर्सला मॉर्गनचा पैसा होता. पश्चिमेकडचे डेमोक्रॅट विचारायला लागले, हा वॉल स्ट्रीटचा माणूस का? ७ डिसेंबर १९११, न्यूयॉर्कचा मॅनहॅटन क्लब. खोलीत विल्सन, हार्वी आणि लुइव्हिलचा ज्येष्ठ संपादक हेन्री वॉटरसन. निघताना हार्वीनं सरळ विचारलं, माझ्या पाठिंब्यानं तुमचं नुकसान होतंय का? विल्सननं तितकंच सरळ सांगितलं, होतंय. हार्वी म्हणाला, मग आवाज खाली आणतो. ती ओळ साप्ताहिकातून गेली.

दोन आठवड्यांनी, २१ डिसेंबरला, विल्सनचं दिलगिरीचं पत्र. माझं डोकं म्हणजे एकेरी रूळ आहे, एका वेळी विचारांची एकच गाडी धावते, तुम्ही विचारलंत तेवढ्याचंच उत्तर दिलं, आभार मानायचे राहिले, असा सूर. जानेवारीत हार्वीचं थंड, सभ्य उत्तर. मग विल्सनचं आणखी एक, आणखी पडेल. महिन्याच्या शेवटी ही पत्रं वर्तमानपत्रांत.

वाचताना लक्षात घ्यायचं ते असं. पहिलं पत्र आपणहून लिहिलेलं आहे, दुसरं हार्वीचं उत्तर बघून. दोन्हींवर जिव्हाळ्याचा रंग सारखाच दिसतो, पण दुसरं लिहिताना विल्सनला हे पत्र छापलं जाऊ शकतं याचा अंदाज असणार. आणि त्याच महिन्यात, ७ जानेवारी १९१२ ला, त्याचं १९०७ चं जोलीन नावाच्या माणसाला लिहिलेलं पत्र न्यूयॉर्कच्या 'सन'नं छापलं होतं, ज्यात ब्रायनला (डेमोक्रॅटिक पक्षाचा तीन वेळचा उमेदवार) कायमचं गप्प बसवायचा काही उपाय निघावा असं लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी ब्रायन आणि विल्सन एका मेजवानीच्या टेबलावर! पाच वर्षं कुणीतरी ते पत्र जपून ठेवलं आणि नेमकी वेळ साधली.

गंमत म्हणजे दोन्ही घाव विल्सनच्या फायद्याचे ठरले. हार्वीशी तुटल्यानं वॉल स्ट्रीटचा डाग गेला आणि ब्रायननं जोलीन पत्र गिळलं. जुलैमध्ये बाल्टिमोरला ४६ व्या फेरीत विल्सनला उमेदवारी मिळाली.

---

गोदातीर

@निळी शाई, हार्वी म्हणजे १९२० च्या 'धुरानं भरलेल्या खोली'वालाच ना?

---

निळी शाई

तोच. हार्डिंगची रिपब्लिकन उमेदवारी जिथे ठरली म्हणतात ती शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलातली खोली हार्वीची. हार्डिंगनं त्याला लंडनला राजदूत केलं. डेप्यूला पॅरिस मिळालं नाही, हार्वीला लंडन मिळालं.

---

कलम २२०१

मालकीचं थोडं. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, पण मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा. हे तत्त्व अमेरिकेत १८४१ च्या फॉल्सम विरुद्ध मार्श या निकालापासून पक्कं आहे, आणि तो खटलाही राष्ट्राध्यक्षाच्याच, म्हणजे वॉशिंग्टनच्या पत्रांवरून झाला. त्यामुळे संपादकाकडे पत्र असणं आणि त्यानं ते छापणं या दोन वेगळ्या गोष्टी. रूझवेल्ट १९१९ मध्ये गेला, त्याच्या मजकुराबाबत आता ही अडचण उरलेली नाही.

व्हाइट हाउसमधले कागद मात्र तेव्हा अध्यक्षाची खासगी मालमत्ता धरत. घरी न्यावेत, जाळावेत, दान करावेत, मर्जी. हे बदललं १९७८ च्या कायद्यानं, जो २० जानेवारी १९८१ पासून सुरू होणाऱ्या कारकिर्दींना लागू झाला. पण त्या कायद्यातही 'खासगी' नोंदींची व्याख्या आहे: दैनंदिनी, कर्तव्याशी संबंध नसलेले खासगी राजकीय संबंध, आणि फक्त स्वतःच्या निवडणुकीशी संबंधित कागद. ते राष्ट्राचे होत नाहीत. म्हणजे या धाग्यातली बरीचशी पत्रं आज लिहिली गेली असती तर ती सरकारी संग्रहात जायचं बंधन नसतं! १९०४ चं आपल्याला दिसतंय ते रूझवेल्टनं स्वतः कागद ग्रंथालयाला दिले म्हणून.

---

केसरीवाचक

अवांतर आहे, पण सचिवाच्या सहीचा मुद्दा वर आला म्हणून. टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये असताना त्यांनी जानेवारी १९१९ मध्ये विल्सनला पत्र लिहून हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न मांडला. हेही संपादकाचं पत्रच म्हणा. उत्तर आलं ते सचिव गिल्बर्ट क्लोज याच्या सहीनं: योग्य अधिकारी योग्य वेळी हा प्रश्न हाती घेतील. आपल्याकडे याचा उल्लेख काही ठिकाणी 'विल्सनचं टिळकांना पत्र' असा होतो. सही बघितली असती तर झाला नसता.

---

पत्रावळ

@केसरीवाचक, अवांतर कसलं, नेमकं उदाहरण दिलंत.

शोधणाऱ्यांसाठी दोन सूचना. 'आउटलुक' असा शब्द टाकून शोधू नका, हजार नको त्या गोष्टी येतात. व्यक्तीचं नाव आणि महिना असा शोध घ्या, आणि अ‍ॅबट दोन आहेत हे ध्यानात ठेवा: संपादक लायमन आणि कंपनीचा कारभार पाहणारा त्याचा मुलगा लॉरेन्स. वहीच्या सूचीत नुसतं आडनाव असेल तर पान उघडूनच ठरवावं लागतं. दाबप्रती यंत्राला वाचता येत नाहीत, म्हणून शब्दशोधावर विसंबू नका.

आणि नोंदीखालचा सारांश ('रूझवेल्टच्या मते निवडणूक अमुक...') नोंद करणाऱ्या माणसानं लिहिलेला असतो. फिरणाऱ्या तुकड्यांतले बरेच 'उद्गार' तो सारांश अवतरणचिन्हांत घालून बनतात.

---

टीपकागद

एक दुरुस्ती माझ्याच प्रतिसादाला. मी 'वहीची दाबप्रत' असा सरसकट उल्लेख केला. त्या काळात कार्बन प्रतीही निघत होत्या आणि संग्रहात त्या वेगळ्या लावलेल्या आहेत. फरक ओळखायला सोपा: कार्बनप्रतीत अक्षर धुरकट पण कडा जागच्या जागी, पाण्यानं फुटलेलं नसतं, आणि वहीचा छापील पानक्रमांक कोपऱ्यात नसतो. कार्बन टंकतानाच निघतो, म्हणून नंतर पेनानं घातलेली भर त्यात कधीच आपोआप येणार नाही. कुणी हातानं पुन्हा लिहिली असेल तरच.